निरोपाचा हक्क

चार माणसें एकत्र येऊन एखादें काम करूं लागलीं म्हणजे त्यांचा एक संघ झाला असें आपण सहज म्हणतों. परंतु हा संघ नक्की कशानें होतो याचा विचार करूं लागलें असतां उत्तर वाटतें तितकें सोपें नाहीं. एका छपराखालीं बसल्यानें संघ होत असता तर धर्मशाळेंतल्या उतारूंचाहि संघ झाला असता. एकाच धन्याचें वेतन घेतल्यानें तो होत असता तर एकमेकांचें तोंडहि न पाहिलेले दोन दूरच्या कचेऱ्यांतील कारकून एकमेकांचे सोबती ठरले असते. आमच्या मतें ज्यांस एकमेकांचा निरोप पोंचतो त्यांचाच संघ होतो. काय करावयाचें, कां करावयाचें, कालच्या बेतांत आज काय फरक झाला, संकट कोणत्या बाजूनें येत आहे, हें ज्यास वेळेवर कळतें, आणि स्वतःस जें दिसलें तें सांगण्याची ज्यास मुभा आहे, तो त्या संघाचा घटक. बाकीचे नुसते हात. ज्याचे हात आपण कामास लावतों त्याच्या कानाचें आणि जिभेचें आपण कांहीं देणें लागतों कीं नाहीं, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न जुनाच आहे. पण संगणकाच्या व्यवसायांत त्यास जें रूप आलें आहे तें नवें आहे. या व्यवसायांतील मोठ्या कचेरींत शेजारीं शेजारीं बसलेल्या दोन माणसांपैकीं एक पुष्कळदां कंपनीचा स्वतःचा नोकर असतो आणि दुसरा कंत्राटी. दुसऱ्याचें वेतन कंपनी त्याच्या हातांत देत नाहीं. ती एका मध्यस्थ संस्थेस तासांच्या हिशेबानें पैसे देते, आणि ती संस्था आपला वांटा काढून घेऊन उरलेले त्या माणसास देते. काम तेंच, यंत्र तेंच, काम वांटून देणारा वरिष्ठहि पुष्कळदां तोच. फरक काय तो गळ्यांतल्या बिल्ल्याच्या रंगाचा. गूगल या सुप्रसिद्ध अमेरिकन कंपनीच्या कामावर मार्च २०१९ मध्यें जगभर मिळून सुमारें १,०२,००० कायम नोकर होते आणि हंगामी व कंत्राटी माणसें सुमारें १,२१,००० होतीं, असा हिशेब न्यू यॉर्क टाइम्स या पत्रानें त्याच वर्षाच्या मे महिन्यांत प्रसिद्ध केला होता. ज्यांस आपण अपवाद समजतों तेच तेथें संख्येनें अधिक होते, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें.

या माणसांस कोणी टाकून बोलतो किंवा दूर बसवितो असें नाहीं. अशा कचेऱ्यांतील रीतभात बहुधा गोड असते. वगळणें होतें तें निराळ्याच मार्गानें. सोमवारीं सकाळीं सर्वांस एक ईमेल जातो, आणि त्या 'सर्वां'त त्याचें नांव नसतें. महिन्यांतून एकदां मुख्य अधिकारी सर्वांशीं बोलतात, आणि त्या वेळीं त्यानें आपल्या जागीं बसून काम उरकावें अशी अपेक्षा असते. एखादें काम सोडून दुसरें हातीं घेण्याचें ठरतें. ठरविण्याच्या बैठकीस तो नसतो, आणि पुढें दोन दिवस तो सोडून दिलेलें काम इमानानें करीत राहतो. त्याला कोणी मुद्दाम फसविलेलें नसतें. त्याची आठवण राहिली नाहीं, इतकेंच. परंतु ज्याची आठवण न राहणें ही रोजची रीत होऊन बसते, त्याच्या बाबतींत विसरणें हा निष्पाप दोष राहत नाहीं.

गिरणगांवांत भोंगा वाजे तेव्हां तो कायम कामगारास आणि बदलीवाल्यास सारखाच ऐकूं येई. आज काम मिळेल कीं नाहीं याची वाट पाहत दाराशीं उभ्या असलेल्या बदली कामगाराचें पोट अनिश्चित होतें. पण त्याच्या कानाविषयीं कोणास शंका नव्हती. हवेंतून जाणारा आवाज हजेरीपट पाहून जात नसे. फळ्यावर खडूनें लिहिलेली सूचनाहि ज्यास वाचतां येई त्या प्रत्येकाची होती. विजेच्या पत्रानें निरोपाचा हा भोळेपणा संपविला. आतां प्रत्येक निरोपास पत्ता लागतो, पत्त्यांची यादी कोणीतरी करावी लागते, आणि यादी म्हटली कीं तींत कोण नाहीं हेंहि ठरून जातें. आपल्याकडे कंत्राटी कामगारांविषयीं १९७० सालीं जो कायदा झाला त्यांत पिण्याचें पाणी, स्वच्छतागृहें, विश्रांतीची जागा, उपाहारगृह आणि प्रथमोपचार यांची तरतूद होती. यांपैकीं कांहीं देण्यास ठेकेदारानें कसूर केली तर तें मूळ मालकानें द्यावें आणि खर्च ठेकेदाराकडून वसूल करावा, असेंहि त्यांत म्हटलें होतें. पुढें २०२० सालीं केलेल्या संहितेंत हा विषय घेण्यांत आला. १९७० च्या सोयींच्या यादींत निरोपास जागा नव्हती. कारण निरोप ही कोणास देण्याची किंवा न देण्याची वस्तु होईल असें भोंग्याच्या काळांत कोणाच्या मनांतहि आलें नसेल.

आपल्या मराठी मुलखास या भेदाची ओळख फार जुनी आहे. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननें दख्खनच्या व्यवस्थेविषयीं जो अहवाल लिहिला त्यांत मिरासदार आणि उपरी या दोन वर्गांची नोंद आहे. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. गांवच्या मानपानांत व निवाड्यांत त्याला जागा. उपरी हा बाहेरून आलेला, मुदतीनें जमीन कसणारा. पीक तोहि काढी, सारा तोहि भरी, पण गोतसभेच्या पंक्तींत त्याला बसावयास पाट नसे. याची एक दुसरी बाजूहि होती. उपरी मोकळा असे. गांव आवडला नाहीं तर बिऱ्हाड उचलून तो दुसरीकडे जाई, आणि पडीक जमीन कौलानें घेतली असेल तर त्याचा सारा कांहीं काळ हलकाहि असे. आजच्या कंत्राटी तज्ज्ञासहि कधीं कधीं ताशीं दर चांगला मिळतो आणि एका धन्याशीं जन्माची गांठ पडत नाहीं. तेव्हां त्याची स्थिति सर्वस्वीं दयनीय असते असें आमचें म्हणणें नाहीं. पण दवंडी पिटली जाई तेव्हां ती मिरासदाराच्या दारापुरती पिटली जात नसे. उपऱ्याला सभेंत पाट नव्हता, तरी दवंडी त्याच्या कानीं पडे. आजच्या उपऱ्याचा पाटहि गेला आणि दवंडीहि गेली.

हें अंतर कोठून आलें? निष्काळजीपणा हें त्याचें एक कारण झालें. दुसरें कारण असें कीं तें पुष्कळ ठिकाणीं विचारपूर्वक राखलेलें असतें, आणि तें कां राखतात हें समजण्यास मायक्रोसॉफ्ट कंपनीविरुद्धचा खटला पाहण्याजोगा आहे. या कंपनीनें कांहीं माणसांस स्वतंत्र व्यावसायिक म्हणून कामास लावलें होतें. तीं माणसें कायम नोकरांच्या बरोबरीनें त्याच गटांत, त्याच वरिष्ठांच्या हाताखालीं, त्याच वेळेस, तेंच काम करीत. मात्र त्यांच्या बिल्ल्याचा रंग वेगळा होता, त्यांचा ईमेलचा पत्ता वेगळ्या तऱ्हेचा होता, आणि कंपनीच्या समारंभांस त्यांस बोलावणें नसे. अमेरिकेच्या करखात्यानें तपास करून ठरविलें कीं हीं माणसें वस्तुतः नोकरच आहेत. त्यावरून १९९२ सालीं खटला सुरू झाला. १९९७ सालीं नवव्या विभागाच्या अपील न्यायालयानें कामगारांच्या बाजूनें निकाल दिला, आणि अखेर डिसेंबर २००० मध्यें कंपनीनें सुमारें ९ कोटी ७० लक्ष डॉलर देऊन तडजोड केली.

या खटल्यापासून घेण्याचा धडा उघड होता: ज्यास नोकरासारखें राबवितां त्यास नोकर म्हणा. परंतु व्यवहारांत पुष्कळांनीं धडा घेतला तो उलट. ज्यास नोकर म्हणावयाचें नाहीं त्यास नोकरासारखें वागवूं नका, म्हणजे न्यायालयापुढें दाखविण्यास अंतर राहील, अशी सावधगिरी रूढ झाली. मग त्याला सहलीस नेऊं नये, वाढदिवसाच्या खाऊंत त्याला धरूं नये, सर्वांच्या सभेंत बसवूं नये, येथपर्यंत मजल गेली. येथें एक चमत्कारिक गोष्ट घडली ती नीट पाहिली पाहिजे. दुर्बळाच्या रक्षणासाठीं उचललेलें शस्त्र फिरून त्याच्यावरच पडलें. आणि त्यांतहि तर्काची चूक आहे. मायक्रोसॉफ्टच्या प्रकरणांत वेगळा बिल्ला होता, वेगळा पत्ता होता, समारंभांस मज्जावहि होता. या सर्वांनीं कंपनीचें रक्षण झालें नाहीं. अशा वादांत मुख्य प्रश्न काम कोणाच्या हुकमाखालीं चालतें हा असतो. फराळाच्या ताटांची मोजदाद तेथें दुय्यम ठरते. काम आपल्या हुकमाखालीं करून घ्यावयाचें आणि बोलणें तेवढें परक्याचें ठेवावयाचें, ही युक्ति नीतीच्या दृष्टीनें हलकी आहेच. व्यवहाराच्या दृष्टीनेंहि ती समजूत आहे तितकी भक्कम नाहीं. मनुष्य खरोखर स्वतंत्र असेल तर त्याचें काम त्याच्या पद्धतीनें त्याला करूं द्यावें. तो स्वतंत्र नसेल तर त्यास आपला म्हणावें. यांच्या मधल्या जागेंतच अन्याय घर करून राहतो.

आतां प्रतिपक्षाचें इतर म्हणणें ऐकून घेणें न्याय्य होईल. पहिला आक्षेप गुप्ततेचा. बाहेरच्या माणसास घरच्या गोष्टी कशा सांगाव्या? यास उत्तर असें कीं गुप्तता विषयाला असते, बिल्ल्याला नसते. गुप्तता पाळण्याच्या करारावर कंत्राटी माणसाचीहि सही घेतलेली असते, आणि ज्याच्या हातीं आपण यंत्राच्या पोटांतली सारी रचना उघडी करून देतों त्याला त्या रचनेंत बदल कां करावयाचा एवढेंच सांगावयाचें नाहीं, याला सावधगिरी म्हणणें कठीण आहे. स्वयंपाक्यास कोठीच्या किल्ल्या देऊन आज पाहुणे किती येणार हें मात्र त्याच्यापासून लपविणाऱ्या यजमानाचें हें शहाणपण आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तो तासांवर वेतन घेतो. सभेंत बसविलें तर त्या तासाचेहि पैसे पडतात. हा आक्षेप आम्हांस खरा वाटतो, आणि म्हणूनच त्याचें उत्तर स्पष्ट दिलें पाहिजे. ज्यानें बोलवावें त्यानें त्या वेळेचे पैसे द्यावे. कित्येक सज्जन अधिकारी मोठ्या मनानें कंत्राटी सोबत्यास सर्व सभांस बोलावतात, आणि तो तास मात्र हिशेबांत लिहूं नको असें सुचवितात. हा मोठेपणा दुसऱ्याच्या खिशांतून केलेला आहे. जें सांगणें कामास अवश्य आहे त्याचा वेळ हा कामाचाच वेळ होय. आणि ज्या सभेचे पैसे देण्याचें जिवावर येतें ती कायम नोकरांसाठीं तरी इतकी अवश्य आहे काय, याचाहि विचार मग आपोआप होईल.

तिसरा आक्षेप संमतीचा, आणि तोच सर्वांत वजनदार. हा मनुष्य राजीखुशीनें या अटींवर आला आहे. कोणीं त्याला ओढून आणिलेलें नाहीं. मग तक्रार कसली? वेतन, मुदत, रजा यांविषयीं हें म्हणणें पुष्कळ अंशीं मान्य करतां येईल. कारण त्या गोष्टी करारावर लिहिलेल्या असतात आणि त्या वाचून सही करतां येते. परंतु आपल्याला काय कळणार नाहीं हें कोणत्याहि करारांत लिहिलेलें नसतें आणि लिहितांहि येणार नाहीं. न कळलेल्या गोष्टीचें स्वरूप ज्यास ठाऊक नाहीं त्यानें त्या न कळण्यास संमति दिली, हें बोलणें अर्थशून्य आहे. आणि संमतीचा आधार कितीहि मोठा मानला तरी ती एका मर्यादेपलीकडे कामास येत नाहीं. ती मर्यादा कोणती हें एका घडलेल्या प्रसंगावरून दिसेल.

३ एप्रिल २०१८ रोजीं कॅलिफोर्नियांतील सॅन ब्रूनो या गांवीं यूट्यूबच्या मुख्य कचेरींत एका स्त्रीनें गोळीबार केला. तिघे जखमी झाले आणि तिनें स्वतःचाहि जीव घेतला. यूट्यूब ही गूगलचीच शाखा. त्या वर्षाच्या डिसेंबरांत गूगलच्या हंगामी व कंत्राटी कामगारांनीं मुख्याधिकारी सुंदर पिचई यांस उद्देशून एक उघडें पत्र प्रसिद्ध केलें. त्यांत त्यांनीं असें लिहिलें होतें कीं गोळीबार चालू असतां सुरक्षिततेविषयींचे जे संदेश क्षणोक्षणीं पाठविले जात होते ते केवळ कायम नोकरांस गेले. आम्हांस गेले नाहींत. दुसऱ्या दिवशीं त्या प्रसंगाविषयीं जी सभा झाली तींतूनहि आम्हांस वगळलें, अशीहि त्यांची तक्रार होती. पुढें एप्रिल २०१९ मध्यें कंपनीनें आपणांस माणसें पुरविणाऱ्या अमेरिकेंतील संस्थांवर ताशीं किमान १५ डॉलर वेतन, आरोग्यविमा इत्यादि अटी घातल्या. त्या चांगल्याच होत्या. परंतु त्या पत्रांतील त्या दिवसाचा उल्लेख वाचला म्हणजे पंधरा डॉलरांचा हिशेब क्षणभर बाजूस राहतो. गोळीनें कोणाचा बिल्ला पाहिला नसता. बिल्ला पाहिला, असें त्या कामगारांचें म्हणणें आहे, तो निरोपानें.

हें वाचतांना आम्हांस महाभारतांतील लाक्षागृहाची कथा आठवते. वारणावतास जाण्यास निघालेल्या युधिष्ठिराला विदुरानें इतरांस न कळेल अशा गूढ भाषेंत आगीची सूचना दिली; मागाहून एक खनकहि पाठविला; त्यानें भुयार खणलें, आणि पांडव वांचले. ही कथा आपण लहानपणापासून विदुराच्या चातुर्याची म्हणून ऐकत आलों. परंतु त्या रात्रीं त्या घरांत आणखी सहा माणसें होतीं. कुंतीनें घातलेल्या भोजनास आलेली एक निषाद स्त्री आणि तिचे पांच मुलगे खाऊनपिऊन तेथेंच निजलीं होतीं. तीं आपल्या इच्छेनेंच आलीं होतीं. कोणीं त्यांस ओढून आणिलें नव्हतें. निरोप मात्र त्यांना नव्हता. सकाळीं त्यांच्या जळलेल्या देहांवरूनच पांडव मेले असें लोकांनीं ठरविलें. संमतीचा आधार कोठें संपतो असें कोणी विचारलें तर आम्ही या सहा देहांकडे बोट दाखवूं. जेवणास येण्याची संमति ही जळून जाण्याची संमति नव्हे.

येथवर निरोप खालीं कसा पोंचत नाहीं हें पाहिलें. तो वर न पोंचणें हें तितकेंच घातक आहे. २७ जानेवारी १९८६ च्या रात्रीं अमेरिकेच्या नासा या अंतराळसंस्थेस अग्निबाण पुरविणाऱ्या मॉर्टन थायोकोल या कंत्राटदार कंपनीच्या अभियंत्यांनीं दूरध्वनीवरील बैठकींत विरोध नोंदविला. उद्यां सकाळीं थंडी फार आहे; अशा थंडींत सांध्यांवरील रबरी कडीं नीट बसणार नाहींत; ५३ अंश फॅरनहाइटच्या खालीं उड्डाण करूं नये, असें त्यांचें सांगणें होतें. रॉजर बोइजोली हा त्यांपैकीं एक होता. नासाच्या अधिकाऱ्यांस हें रुचलें नाहीं. थायोकोलच्या वरिष्ठांनीं आपल्याच अभियंत्यांचा सल्ला फिरविला. आणि दुसऱ्या दिवशीं चॅलेंजर हें यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत आंतील सात जणांसह नष्ट झालें. पुढें रॉजर्स आयोगानें चौकशी केली तेव्हां असें आढळलें कीं उड्डाणाचा शेवटचा निर्णय ज्यांनीं घेतला त्यांस कंत्राटदारानें आरंभीं केलेल्या या विरोधाची माहितीच नव्हती. येथें कंत्राटदार ही एक मोठी कंपनी होती, तासांवर काम करणारा एकटा मनुष्य नव्हे, हा भेद आम्ही विसरत नाहीं. पण एवढ्या मोठ्या कंपनीच्या अभियंत्यांचा शब्द जर वाटेंत विरूं शकतो, तर ज्याचा करार तीन महिन्यांनीं पुन्हां करावयाचा कीं नाहीं हें समोरच्या अधिकाऱ्याच्या हातीं आहे, असा एकटा मनुष्य सांधा सैल आहे हें मोठ्यानें कसा सांगेल? त्यानें सांगितलें नाहीं म्हणून त्याला दोष देण्यापूर्वीं, त्यानें सांगितल्यावर त्याचें काय होतें हें आधीं पाहावें.

तेव्हां 'सर्वांस सर्व सांगा' हा नियम करावा काय? आमचें म्हणणें तसें नाहीं. निरोप तीन प्रकारचे असतात आणि त्यांचे अधिकारीहि वेगवेगळे असतात. पहिला जीविताचा निरोप: आग, हिंसा, अपघात, रोगराई यांविषयींची सूचना. तिला त्या छपराखालीं असलेला प्रत्येक जण सारखाच अधिकारी आहे. कंत्राटी तज्ज्ञ, झाडलोट करणारी बाई, दाराशीं उभा असलेला रखवालदार आणि त्या दिवशीं सहज भेटीस आलेला पाहुणा यांच्यांत येथें भेद करतां येत नाहीं. या निरोपाची यादी नोकरीच्या नोंदवहीवरून न करतां छपरावरून करावी. दुसरा कामाचा निरोप: काय बदललें, कां बदललें, कोठें अडलें, कोणाची चूक कोणास निस्तरावी लागणार. याला जो तें काम करतो तो अधिकारी. त्याचें वेतन कोणत्या वहींतून निघतें हा येथें गैरलागू विचार होय. हाच निरोप खालून वर जाण्याची वाटहि उघडी असली पाहिजे, आणि त्या वाटेनें आलेल्या शब्दावर तो सांगणाऱ्याचें नांव राहिलें पाहिजे. कंत्राटी माणसाची सूचना कायम नोकराच्या तोंडून वर गेली म्हणजे ती त्याचीच होऊन बसते, हें पुष्कळ कचेऱ्यांत घडतें. तिसरा घरचा निरोप: कायम नोकरांची बढती, त्यांचे भाग, त्यांच्या निवृत्तीची व्यवस्था. हा राखून ठेवण्याचा कंपनीस हक्क आहे. मात्र तो राखतांना तोंडावर सांगावें कीं ही सभा आमच्या घरची आहे. दार लोटून घेऊन 'आज कांहीं विशेष नाहीं' असें म्हणूं नये. उघडपणें दिलेला नकार मनुष्य सहन करूं शकतो. आपण मोजण्यांतच नाहीं ही जाणीव मात्र त्याचें काम आणि त्याचा स्वाभिमान दोहोंनाहि पोखरते.

या विषयाशीं आपला संबंध काय, असें कदाचित् एखादा वाचक विचारील. संबंध निकटचा आहे. पुण्याजवळ हिंजवडीस किंवा नवी मुंबईस काम करणारीं हजारों मराठी मुलें ज्या कंपनीचें काम करतात त्या कंपनीचीं नोकर नसतात. दूरच्या गिऱ्हाइकाच्या घरीं तीं पुरवठादाराचीं माणसें असतात. त्यांतलीं कांहीं अमेरिकेस जाऊन त्या गिऱ्हाइकाच्याच कचेरींत बसतात, आणि तेथें आपल्या अत्यंत हुशार, घरांत कौतुकाच्या मुलाच्या गळ्यांत वेगळ्या रंगाचा बिल्ला असतो. त्याला कोणत्या सभेस बोलावलें नाहीं हें तो आईबापांस दूरध्वनीवर सांगत नाहीं. तोच मुलगा परत येऊन अधिकारी झाला म्हणजे त्याच्या हाताखालीं दुसरे कंत्राटी येतात, आणि मग याद्या करण्याचें काम त्याच्याकडे येतें. ज्यानें बाहेर राहण्याचा अनुभव घेतला तो आंत आल्यावर दार उघडें ठेवील असें आपणांस वाटतें. परंतु सासुरवास भोगलेली प्रत्येक सून पुढें मायाळू सासू होते असा आपला अनुभव नाहीं. सहन केलेलें दुःख आपोआप करुणा होत नाहीं. ती विचारानें करावी लागते.

आणि कचेरीपर्यंत तरी कशाला जावें? आपल्या गृहसंस्थेंत उद्यां पाणी येणार नाहीं, उद्वाहन बंद राहणार, चौथ्या मजल्यावर कोणास सांथीचा ताप आला, हे निरोप आपल्या भ्रमणध्वनीवर घटकेंत सर्व बिऱ्हाडांस पोंचतात. रात्रभर जागणारा रखवालदार त्या यादींत असतो काय? चौथ्या मजल्यावर धुणेंभांडीं करण्यास जाणाऱ्या बाईस त्या तापाची बातमी कोणीं कळविलेली असते काय? ज्या घरांत तिला जावयाचें आहे तेथें काय आहे हें कळण्याचा पहिला हक्क तिचा. आणि बहुधा शेवटीं तिलाच कळतें. संगणकाच्या कंपन्यांनीं हा दोष परदेशांतून आणिला असें समजून आपल्याला सुटतां येणार नाहीं. यादी करण्याची विद्या आपल्या घरांत त्यांच्याहून जुनी आहे.

आपल्या भाषेंत निरोप या शब्दास दोन अर्थ आहेत. बातमी कळविणें हा एक आणि जाणाऱ्यास वाटेस लावणें हा दुसरा. कंत्राटी माणसास दुसऱ्या अर्थाचा निरोप मात्र बिनचूक मिळतो. मुदत संपल्याच्या दिवशीं त्याचा पत्ता अचूक सांपडतो, पत्र वेळेवर पोंचतें, आणि बिल्ला परत घेण्यास कोणी विसरत नाहीं. यावरून एवढें सिद्ध होतें कीं त्याचें नांव शोधणें कठीण नव्हतें. जाण्याच्या दिवशीं जें नांव सांपडतें तें कामाच्या दिवशींहि सांपडावें, आणि धोक्याच्या घटकेस तर सर्वांच्या आधीं सांपडावें, एवढीच आमची मागणी आहे. ती मान्य करण्यास नवा कायदा लागत नाहीं, मोठा खर्च लागत नाहीं. उद्यां सकाळीं 'सर्वांस' असें लिहून पत्र धाडण्यापूर्वीं ज्यांच्याबरोबर आपण काल काम केलें त्यांचे चेहरे एकदां डोळ्यांपुढें आणावे, आणि मग यादी पाहावी.